पॅलिओ आणि तगडे वर्कआउट एकत्र चालवायचेत? आधी कंदांची सोय करा

क्रॉसफिट (वजनं उचलणं, पुलअप, पळणं असा जोरकस मिश्र व्यायाम) किंवा तसल्याच फंक्शनल ट्रेनिंगला जायला लागलं की थोड्याच दिवसांत कुणीतरी पॅलिओचा, म्हणजे आदिमानवासारखं खायच्या डाएटचा विषय काढतंच, मग माणूस घरी येऊन भात, पोळी, भाकरी, वरण, दूध, साखर सगळं एकाच दिवशी बंद करतो, ताटात उरतं चिकन आणि काकडी-टोमॅटो, पहिले दोन-तीन दिवस एकदम हलकं वाटतं, वजनाचा काटाही खाली येतो, आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी वॉर्मअपलाच पाय गळून जातात. त्यानंतर ठरलेलं वाक्य, "पॅलिओ आपल्याला झेपत नाही बाबा." खरं तर बऱ्याचदा गडबड एवढीच असते की धान्य गेलं आणि त्याच्या जागी पिष्टमय असं काहीच आलं नाही. जे नव्याने सुरू करतायत त्यांच्यासाठी हे सगळं पायरी पायरीने लिहितोय, आणि माझं सगळ्यात जास्त लक्ष या एकाच गोष्टीवर आहे, तर तेवढं तरी नीट वाचा.

थोडक्यात, पॅलिओ म्हणजे काय

शेती सुरू व्हायच्या आधी माणूस जे खात होता त्याच्या जवळ जाणारं खाणं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंदमुळं, सुकामेवा, बिया हे चालतं. धान्य, डाळी-कडधान्यं, दूध आणि दुधाचे पदार्थ, साखर, रिफाइंड तेल, पाकिटातलं खाणं हे चालत नाही. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकन संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये यावर लेख लिहिला तेव्हापासून डॉक्टर लोकांत चर्चा सुरू झाली, २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ती सामान्य लोकांपर्यंत गेली आणि पुढे क्रॉसफिटच्या जिमांनी ती उचलून धरली.

पॅलिओ म्हणजे लो-कार्ब, म्हणजे कार्ब्स (कर्बोदकं) कमी, असं बरेच जण धरून चालतात. पण ते यात कुठे आलं? नियमांत तरी नाही. टांझानियातल्या हाडझा लोकांपैकी काही जण आजही बऱ्याच प्रमाणात शिकार आणि रानातलं वेचून खाऊन राहतात, त्यांच्या जेवणात कंद, मध, बोरांसारखी फळं आणि गोरखचिंचेचा गर भरपूर असतो. इराकमधल्या शानिदार गुहेत आणि बेल्जियममधल्या स्पाय इथे सापडलेल्या निअँडरथल माणसांच्या दातांवरच्या किटणात शिजवलेल्या स्टार्चचे कण मिळाले, ते संशोधन २०११ चं. म्हणजे गुहेतला माणूस नुसतं मटण खाऊन जगत नव्हता. आणि कॉर्डेन यांनी स्वतः २००५ मध्ये जो फ्रील या ट्रायथलॉन कोचबरोबर खेळाडूंसाठी वेगळं पुस्तक काढलं, त्यात ट्रेनिंगच्या आधी, मध्ये आणि नंतर चक्क नियमाबाहेरचे कार्ब्स घ्यायची मुभा दिली. ज्यांनी हा डाएट लोकांपर्यंत नेला त्यांनीच ही सूट दिलीये हे पक्कं लक्षात ठेवा.

पहिली पायरी: आपण करावं की नाही

डायबेटिससाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता धान्य बंद करू नका, गोळी तेवढीच आणि कार्ब्स कमी असं झालं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. किडनीचा त्रास असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयातली पोरं, आणि ज्यांना पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक त्रास झालाय, यांनी हा प्रयोग करू नये असंच मी सांगेन. बाकीच्यांनी सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिन, बी-१२, व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन, लिपिड आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) एवढ्या टेस्ट करून घ्याव्यात, पुढे तुलना करायला उपयोगी पडतात.

शाकाहारी असाल तर स्पष्टच बोलतो. डाळी नाहीत, दूध नाही, मग प्रोटीन आणणार कुठून? बदाम-अक्रोडांवर ते भागत नाही, तेवढं प्रोटीन गोळा करेपर्यंत कॅलरी कुठल्या कुठे जातात. अंडी खात असाल तर जमू शकतं, तेही दही किंवा व्हे प्रोटीन (दुधापासूनची प्रोटीन पावडर) चालवून घेतलं तर. अंडीही चालत नसतील तर पॅलिओचा नाद सोडा आणि फक्त साखर, मैदा, बेकरी आणि तळण बंद करा, फरक त्यानेही चांगला पडतो.

आणि महिना बघून सुरू करा. घरात श्रावण पाळत असतील तर त्या महिन्यात सुरू करणं म्हणजे रोजची भांडणं. पश्चिम किनाऱ्यावर साधारण जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळी कमी आणि महाग, तेव्हा पावसाळ्यात सुरू करणार असाल तर अंडी-चिकनवरच भर राहणार हे धरून चला. दिवाळीच्या तोंडावर तर अजिबात नको.

दुसरी पायरी: आधी एक आठवडा काहीच बदलू नका

फक्त लिहा. काय खाल्लं, किती वाजता, झोप किती, वर्कआउट कसा गेला. सकाळी उठल्या उठल्या नाडीचे ठोके मोजून ठेवा. आणि एक टेस्ट वर्कआउट करा. सिंडी नावाचा क्रॉसफिटचा वर्कआउट चांगला आहे त्यासाठी, २० मिनिटांत ५ पुलअप, १० पुशअप, १५ स्क्वॉट असे जमतील तेवढे राउंड. पुलअप येत नसतील तर रिंग रो (टांगलेल्या रिंगा धरून तिरकं राहून अंग वर ओढणं) घ्या, पण पुढच्या वेळी परत तेच घ्यायचं. राउंडचा आकडा वहीत. या वहीशिवाय पुढे तुम्हाला कळणारच नाही की डाएटमुळे ताकद वाढली, कमी झाली की नुसता भास होतोय.

तिसरी पायरी: किचन

मराठी घरात सगळ्यात मोठी अडचण गहू-तांदळाची वाटते पण खरी अडचण शेंगदाण्याची आहे. शेंगदाणा हे कडधान्यांच्याच कुळातलं, म्हणून पॅलिओत बाद, आणि आपल्याकडे कूट तर प्रत्येक भाजीत, कोशिंबिरीत, रश्श्यात. त्याला पर्याय तिळाचा कूट, सुक्या खोबऱ्याचा कीस, थोडी खसखस. भरली वांगी तीळ-खोबऱ्याची करून बघा, कमी पडल्यासारखी वाटत नाहीत. कोशिंबीर दह्याऐवजी लिंबू पिळून. चटण्या जवसाची, कारळाची, खोबऱ्या-लसणाची, सगळ्या चालतात. बेसन गेलं म्हणजे पिठलं-झुणका गेलं, त्याला इलाज नाही.

पण आपलं बरंच काही आधीच नियमात बसतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. सोलकढी म्हणजे नारळाचं दूध आणि कोकम. कोल्हापुरी पांढरा रस्सा म्हणजे मटणाचा अळणी (मटण शिजवलेलं पाणी), नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. खिमा, सुकं मटण, बांगड्याचं तिखलं, अंडा भुर्जी, पालेभाज्या सगळ्या. गवार, घेवडा, मटार शास्त्रानुसार कडधान्याच्या कुळातले, पण हिरव्या शेंगा बहुतेक लोक खातात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. तेल लाकडी घाण्याचं खोबरेल. तूप कडक नियमात बसत नाही तरी बरेच जण ठेवतात, तुम्हीही ठेवा.

आणि आता मुख्य वस्तू, कंद. रताळं, सुरण, अळकुडी, कोनफळ, कोकणात असाल तर करांदे आणि कणगर, आणि बटाटा. बटाटा जुन्या याद्यांमध्ये बाद होता, आता बरेच जण चालवतात, ट्रेनिंग करणाऱ्याने तर बिनधास्त खावा. सुरण, अळकुडी घशाला खाजते म्हणून शिजवताना चार आमसुलं टाका. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदाचाच स्टार्च, काही लोक तो नियमात बसवतात पण त्यात प्रोटीन, फायबर जवळजवळ शून्य, तेव्हा मर्फसारखा लांबलचक वर्कआउट झाल्यावर ठीक, रोजचा नको. ज्यांच्याकडे उपासाला रताळं-सुरण होतं त्यांना हे खाणं नवीन नाहीच, फक्त भगर, शेंगदाणे आणि दही वजा करायचं.

चौथी पायरी: कार्ब्सचा हिशोब, हे नीट करा

जोरात, धाप लागेपर्यंत व्यायाम करताना शरीर मुख्यतः स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले कार्ब्स, जाळतं. हा साठा ठरावीक असतो, मोठ्या माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि लिव्हरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास. चरबी कितीही असली तरी तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते, चालायला, सावकाश पळायला ती पुरते, थ्रस्टर (स्क्वॉटमधून उठत बार डोक्यावर ढकलणं) आणि पुलअपच्या सेटला पुरत नाही. कार्ब्स खाल्ले नाहीत की हा साठा रोज थोडा थोडा रिकामा होत जातो, म्हणूनच पहिल्या दिवशी काही जाणवत नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम बसतो फटका. आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, पहिल्या आठवड्यात जे किलो-दोन किलो उतरतं त्यात मोठा भाग हेच पाणी असतं, चरबी नाही, त्यामुळे त्या आकड्यावर खुश होऊ नका.

खेळाडूंसाठी सर्वमान्य मार्गदर्शन असं आहे की हलक्या ट्रेनिंगला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ ते ५ ग्रॅम कार्ब्स, आणि रोज तासाभराचं मध्यम ट्रेनिंग असेल तर ५ ते ७. आपला क्लास तासाचा असला तरी त्यात वॉर्मअप, स्ट्रेंग्थ, स्ट्रेचिंग सगळं आलं, खरा जोर १० ते २० मिनिटांचा. म्हणून आठवड्यातून चार-पाच दिवस जाणाऱ्याने साडेतीन-चार ग्रॅमपासून सुरू करावं, जड दिवशी पाचपर्यंत न्यावं.

७० किलोचा माणूस धरा. साडेतीनच्या हिशोबाने जवळपास २५० ग्रॅम कार्ब्स. भात-पोळीत हे न मोजता होऊन जातं. पॅलिओत ते असं जमवावं लागतं: उकडलेलं रताळं १०० ग्रॅमला साधारण २० ग्रॅम कार्ब्स देतं, म्हणजे दिवसात मिळून ६०० ग्रॅम रताळं खाल्लं तर १२०. मध्यम तीन केळी, ६५-७०. खजूर पाच, ३० च्या आसपास. वर पपई किंवा संत्रं आणि दिवसभराच्या भाज्या मिळून ३०-३५. झाले २५०. आता बघा, सहाशे ग्रॅम रताळं म्हणजे किती ते एकदा काट्यावर ठेवून बघाच, कारण नवीन माणूस ताटात एक छोटं रताळं ठेवतो आणि त्याला वाटतं कार्ब्स झाले. सॅलडने तर हा आकडा कधीच गाठता येत नाही, काकडीत असतं काय? पाणी. रताळ्याचा कंटाळा येतो हे मान्य, म्हणून एक दिवस बटाट्याची जिरं-मिरचीची सुकी भाजी, एक दिवस सुरणाचे काप, एक दिवस अळकुडीचं तिखट असं फिरवत राहा.

एवढं करूनही कंद घशाखाली उतरत नसतील, किंवा पोट फुगत असेल, तर वर्कआउट झाल्यावरच्या जेवणात पांढरा भात घ्या. हो, पॅलिओत तो नाही. पण तुम्ही बारखाली आहात, परीक्षेला बसलेले नाही, आणि वाटीभर भाताने साखर-बेकरी सोडल्याचा फायदा वाहून जात नाही. मला तर ट्रेनिंग करणाऱ्या माणसासाठी हा प्रकार शुद्ध पॅलिओपेक्षा जास्त पटतो.

प्रोटीन

इथे फार अडचण येत नाही. किलोमागे १.४ ते २ ग्रॅम, ७० किलोच्या माणसाला १.६ ने ११२. चार अंडी २४-२५, २०० ग्रॅम कच्चं चिकन ४५ च्या आसपास, २०० ग्रॅम बांगडा ४० च्या जवळ. झालंच. अंडी सगळ्यात स्वस्त पडतात. सुकामेव्याला मात्र आवर घाला, ३० ग्रॅम बदामात १७०-१८० कॅलरी जातात आणि ऑफिसात डबा समोर असला की हात थांबत नाही. दूध गेल्यावर कॅल्शियमचं बघावं लागतं, मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम धरतात, तर मांदेली, सुकट, जवळा असे काट्या-सालासकट खायचे मासे, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, तीळ हे आठवड्यात वारंवार येऊ द्या.

कधी खायचं

सकाळी सहाच्या बॅचला जाणाऱ्यांनो, तुमचा वर्कआउट आदल्या रात्रीच्या जेवणावर चालतो. रात्रीच कंद भरपूर घ्या, "रात्री कार्ब्स नको" हा सल्ला तुमच्यासाठी नाही. सकाळी उठून एक केळं किंवा तीन-चार खजूर, पोटाला जड होत नाही. घरी आल्यावर तासाभरात अंडी आणि रताळं किंवा बटाटा, नुसती अंडी नको.

संध्याकाळची बॅच असेल तर दुपारच्या डब्यात कंद पाहिजेतच आणि साडेचार-पाचला केळं. वर्कआउटच्या आधीच्या दोन-तीन तासांत मटण, नारळाचं दूध, मूठभर काजू असलं जड काही नको, बर्पी (जमिनीवर झोपून उठून उडी मारणं) मारताना ते वर येतं.

मीठ आणि पाणी, याकडे सगळे दुर्लक्ष करतात

पाकिटातलं खाणं, लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड बंद झालं की रोजचं मीठ एकदम कमी होतं, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घामातून ते धो धो जात असतं, लिटरभर घामात साधारण ग्रॅमभर सोडियम, कुणाच्यात अर्धा, कुणाच्यात दीड-दोन. मग घेरी येणं, डोकं दुखणं, पोटऱ्या आखडणं सुरू होतं आणि लोक त्याला "डिटॉक्स" म्हणतात. डिटॉक्स वगैरे काही नसतं ते. लिंबूपाणी मीठ घालून, कोकमाचं पाणी मीठ-जिरं घालून, मटणाचा अळणी मीठ घालून, काहीही घ्या. नारळपाणी चांगलं पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम त्यामानाने कमी, म्हणून नुसत्या नारळपाण्यावर राहू नका. बीपीची गोळी चालू असेल तर मीठ वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

पहिले दोन आठवडे जिममध्ये

कोचला सांगून ठेवा. वजनं तीच ठेवा पण मेटकॉनचे (सलग, धाप लावणाऱ्या वर्कआउटचे) राउंड कमी करा, पीआर (स्वतःचाच विक्रम) मारायचा मोह टाळा, सलग तीन दिवस जड ट्रेनिंग नको. रोज उठल्यावर नाडी मोजताय ना, ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर राहायला लागली, झोप मध्येच मोडायला लागली, नेहमीचा बार जड वाटायला लागला, घरच्यांवर विनाकारण चिडायला लागलात तर खाणं कमी पडतंय. उपाय ठरलेल्या क्रमाने करा, आधी दिवसाला ५० ग्रॅम कार्ब्स वाढवा, म्हणजे अडीचशे ग्रॅम रताळं किंवा दोन केळी, मग मीठ-पाणी बघा, मग झोप. तीन-चार दिवसांत फरक दिसतो. नाही दिसला तर ट्रेनिंग कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा.

बायकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. पाळी पुढे गेली, अनियमित झाली किंवा थांबली तर "ट्रेनिंगमुळे होतं असं" म्हणून सोडून देऊ नका. कमी खाणं आणि जास्त व्यायाम यातून ऊर्जेची तूट होते तेव्हा शरीर आधी हेच बंद करतं, आणि पुढे हाडं कमकुवत होतात, स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. अशा वेळी पॅलिओ तिथेच थांबवायचं, नेहमीचं जेवण पोटभर सुरू करायचं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटायचं. वजन कमी होतंय म्हणून जिममध्ये कौतुक चाललेलं असतं आणि आत हे घडत असतं, हे बघून जीव तुटतो म्हणून इतकं सांगतोय.

घर आणि बाहेर

घरात वेगळा स्वयंपाक मागू नका, टिकत नाही. भाजी, रस्सा, कोशिंबीर सगळ्यांची एकच होऊ द्या, फक्त कूट आणि बेसन टाळायला सांगा, आणि तुमच्यासाठी पोळीच्या जागी कंद. रविवारी दोन किलो रताळी-बटाटे उकडून फ्रिजमध्ये ठेवले की तीन-चार दिवसांची सोय होते, सकाळी तव्यावर खोबरेल तेलात परतले की झालं. लग्नाकार्यात, कुणाच्या घरी गेलात तर समोर येईल ते खा, आजीने वाढलेला वरणभात नाकारून कुणाची ताकद वाढत नाही. दुसऱ्या दिवशी परत आपलं चालू.

तीस दिवसांनंतर

परत सिंडी करा, तेच पुलअप, तेच स्क्वॉट, त्याच वेळेला, आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. राउंड तेवढेच किंवा जास्त, झोप बरी, पोट बरं, तर खाणं तुम्हाला जुळलंय. राउंड घटले असतील तर कंबर कमी झाली म्हणून समाधान मानू नका, चौथ्या पायरीवर परत या.

मग बंद केलेल्या गोष्टी एकेक करून परत आणा, एका वेळी एकच, तीन दिवस, आणि लिहीत राहा. आधी घरचं दही. त्रास नाही झाला तर ते राहू द्या. मग भात. मग ज्वारी-नाचणीची भाकरी, नाचणीने कॅल्शियमचा प्रश्नही हलका होतो. मग मुगाचं वरण, नंतर तूर, नंतर भिजवून मोड आणलेली मटकी. गहू सगळ्यात शेवटी. ज्या दिवशी पोट फुगलं, झोप बिघडली किंवा दुसऱ्या दिवशी अंग जड वाटलं ती गोष्ट महिनाभर बाजूला ठेवा आणि मग अर्ध्या प्रमाणात परत एकदा खाऊन बघा.